पोलीस लाईनीतल्या दाढा

चोर कसा धरला हे पोलिसाच्या घरात कुणीही सांगतं. दाढ कशी धरली होती हे कुणी सांगत नाही. तो विषय वर्दीला शोभत नाही म्हणे! त्यामुळं हे किस्से वर्षानुवर्षं गालात साठत जातात आणि माझ्यासारखी एखादी समोर बसली की एकदम बाहेर पडतात.

मी एम.एस्सी. केमिस्ट्री, नोकरीच्या शोधात. पप्पा सहायक फौजदार. राहायला धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस लाईनीत. पोलीस कुटुंबांना आरोग्य विम्याचं कार्ड असतं हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात दातांचीही काही कामं बसतात हे कुणाला माहीत नव्हतं. तसं परिपत्रक होतं, नोटीस बोर्डावरच होतं. फक्त त्याच्यावर बंदोबस्ताची यादी चिकटवलेली होती. मी ती उचकटली, खालचं वाचलं, आणि लाईनीचं दंतखातं माझ्याकडं आलं.

मला घाई होती. पप्पा महिन्याअखेर रिटायर होणार आणि त्याच दिवशी आमचं कार्ड संपणार. आईच्या तीन दाढा किडलेल्या. दोन वर्षं ती भाकरी आमटीत कुस्करून नुसती गिळत होती. "दुखतंय का गं?" विचारलं की म्हणायची, "दुखल्यावर सांगते की." आणि गाल हा एवढा सुजलेला!

*

पहिला अर्ज शेख चाचांचा. चाचा हवालदार. सगळी नोकरी पंचनामे लिहिण्यात गेलेली. अर्जात एक रकाना होता, 'तक्रारीचे स्वरूप'. 'दाढ दुखते' एवढं लिहिलं तरी चाललं असतं. चाचांनी दोन कागद जोडले!

"सदर दाढ ही खालच्या जबड्यात उजव्या बाजूस असून तीत ज्वारीचा एक दाणा मावेल एवढा खड्डा दिसून येतो. दाढेची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस गाल, पश्चिमेस जीभ, उत्तरेस शेजारची दाढ, दक्षिणेस पडीक जागा."

मी म्हटलं, "चाचा, तुम्ही मान वळवली की पूर्व बदलते की!"

"पुढं वाच ना बेटा," चाचा शांतपणे म्हणाले.

पुढं होतं, "पाहणीचे वेळी इसम उत्तरेस तोंड करून बसलेला होता." खाली दोन पंचांच्या सह्या. दोघांनी तोंडात बॅटरी मारून खात्री केली होती!

कार्ड चालणाऱ्या यादीतला दातांचा दवाखाना उमरग्याला, हायवेला लागून. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद शेवटपर्यंत वाचले, चाचांना खुर्चीत बसवलं आणि गंभीरपणे विचारलं, "उत्तर कुठंय?"

*

माने काका मुद्देमाल कारकून. जप्त केलेला माल सांभाळणं हे त्यांचं काम. त्यांच्या अर्जाला 'उपचारापूर्वीचा फोटो' लागत होता. काकांनी तो ओळखीच्या फोटोग्राफरकडून काढून आणला. ओळख कुठली, तर तो ठाण्यात आरोपींचे फोटो काढायचा. एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. छातीशी नावाची पाटी!

विमा कंपनीचं उत्तर आलं, "रुग्ण सध्या कोठडीत आहे काय? असल्यास कोर्टाची परवानगी जोडावी."

मी वैतागले. "काका, तोंड तरी उघडायचं! दात कुठं दिसतोय?"

"आमच्याकडं फोटोत कुणी तोंड उघडत न्हाय," काका म्हणाले. "उघडलं असतं तर एवढ्या केसेस तुंबल्या असत्या व्हय?"

पुढं त्यांची ती दाढ काढली. काकांनी ती मागून घेतली, काडेपेटीत ठेवली, दोरा गुंडाळला, लाखेची मोहोर मारली आणि वर सही-शिक्क्याचं लेबल लावलं. कंपनीनं पुरावा मागितला तर? कंपनीनं मागितला नाही. काडेपेटी घरातल्या फळीवर बसली. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी ती उचलली, तर काका अंगणातून धावत आले.

"हात लावू नको! अजून निकाल लागायचाय!"

*

नवा दात बसवायचा तर नियम कडक. जुना अपघातात तुटलेला असला तरच. हा नियम कळल्यापासून लाईनीतले सगळे दात अपघातात तुटायला लागले!

रमेशदादा कॉन्स्टेबल. समोरचा दात अर्धा. दादांनी लिहिलं, "बंदोबस्तात जमावाच्या धक्काबुक्कीत तुटला." मी म्हटलं, "दादा, खरं लिहा." तर म्हणे, "तू लहान हायस." चोवीस वर्षांच्या बाईला हे वाक्य ऐकून काय होतं, ते त्यांना सांगायचं मी टाळलं. म्हटलं, "बरं. घरच्या एका माणसाचा जबाबही लागतो."

वहिनींनी लगेच लिहून दिला, "माझ्या हातच्या डिंकाच्या लाडवानं तुटला. मी समोर होते."

"अगं, काय लिवलंस हे!" दादा ओरडले.

"मग?" वहिनी म्हणाल्या. "लाडू दगडासारखा झालता म्हणून वरीसभर साऱ्या लाईनीत सांगत फिरलात. तवा जमाव आठवला न्हाय व्हय?"

अर्ज मी जागच्या जागी फाडला. घरचाच साक्षीदार उलटल्यावर केस उभी राहत नाही, एवढं मलाही कळतं.

*

आता आईचं. लाईनीतल्या सगळ्यांचे अर्ज मार्गी लागत होते आणि आमच्या घरचा पप्पांच्या खिशात घडी होऊन पडला होता. त्यावर मोठ्या साहेबांची सही हवी. पप्पांनी सगळ्या नोकरीत साहेबांकडं रजेशिवाय काही मागितलं नव्हतं. रजासुद्धा निम्म्या वेळा परत केलेली.

"जाताजाता मागणं बरं दिसत न्हाय," म्हणाले.

"पप्पा, दाढा आईच्या हायत! बरं तुम्हाला दिसायचंय!"

शेवटी मीच अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेबांनी विचारलं, "वडील कुठं आहेत?"

"दाराबाहेर, सर. आत यायला लाजतायत."

साहेबांनी हाक मारली. पप्पा आत आले, कडक सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, "सर, ही ऐकत न्हाय. तुमी समजावून बघा."

साहेबांनी सही केली आणि कागद माझ्याकडं सरकवला. "मला नाही जमलं," म्हणाले.

*

मंजुरी आली. उमरग्याची तारीख मिळाली. मी ग्रंथालयात होते, म्हणून आईला म्हटलं, "शेजारच्या मंदामावशींना सोबत घेऊन जा." दुपारी डॉक्टरबाईंचा फोन! खुर्चीत मंदामावशी बसल्यात आणि आई बाहेर बाकावर, पिशवी सांभाळत!

मंदामावशींची दाढ सकाळपासून ठणकत होती, म्हणून आईनं आपला नंबर त्यांना दिला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "कुठली दाढ?" तर मावशी म्हणाल्या, "तुमच्या कागदावर हाय तीच करा. बाहेर बसलेल्या वहिनीनं जागा दिलीय, तिला नावं नकोत ठेवायला."

संध्याकाळी मी घर डोक्यावर घेतलं. "आई, हे काय एसटीतलं सीट हाय का? उठलीस आणि दिलंस!"

"तिचं लई दुखत होतं गं."

"आणि तुझं?"

"माझं सवयीचं हाय."

या पिढीचं काय करायचं, सांगा! पुढची तारीख मिळाली ती थेट पप्पांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसाची. त्या दिवशी उपचार सुरू झाले तर उरलेल्या फेऱ्या कार्डावर होणार होत्या. नाही झाले, तर आईची भाकरी कायमची आमटीत.

*

त्या दिवशी मी दोघांनाही स्वतः गाडीत घातलं. चारला निरोप समारंभ, म्हणून पप्पा कडक इस्त्रीच्या वर्दीत. दवाखान्यात आईला इंजेक्शन दिलं, अर्धं तोंड बधिर झालं, डॉक्टरबाईंनी मशीन हातात घेतलं, आणि दारात कंपनीचा तपासणी अधिकारी उभा! माझ्याच वयाचा असेल. त्यानं कार्ड बघितलं, मंजुरी बघितली, आईचा फोटो ताडून बघितला. मग म्हणाला, "सरांचं नोकरीचं ओळखपत्र?"

पप्पा म्हणाले, "सकाळीच जमा केलं."

"सकाळी?" मी किंचाळले. "नोकरी संध्याकाळपर्यंत हाय ना!"

"संध्याकाळी समारंभ. मग माझ्या एका ओळखपत्रापायी कारकुनाला थांबावं लागलं असतं."

मी अधिकाऱ्याला म्हटलं, "अहो, अंगावर वर्दी दिसत नाही का?"

"वर्दी गॅदरिंगलापण भाड्यानं मिळते, मॅडम."

"बरोबर बोलतोय तो," पप्पा म्हणाले. मला म्हणाले! ऑफिसला फोन लावला, तर पलीकडं समारंभाच्या मांडवात नुसतं "हॅलो, चेक, हॅलो, चेक." खुर्चीतून आई बधिर तोंडानं काहीतरी म्हणाली. मला कळलं. "ऱ्हाऊ दे," म्हणत होती.

अधिकाऱ्याला दया आली असावी. म्हणाला, "एक सोय आहे. सरांना नोकरीत असताना ओळखणारा कुणीतरी. घरचा नको, दवाखान्याचा नको, डिपार्टमेंटचा नको. त्यानं इथं सही करायची."

मी बाहेरच्या खोलीत जाऊन ओरडले, "इथं कुणी माझ्या पप्पांना ओळखतं का?" बाकावर तिघंजण. दोघांनी माना हलवल्या. तिसरा, जबड्याला रुमाल बांधलेला, आम्ही आल्यापासून भिंतीकडं तोंड करून बसला होता. त्यानं हळूच हात वर केला.

"म्या वळखतो."

त्याला आत आणलं. अधिकाऱ्यानं पेन काढलं. "कसं ओळखता?"

"ह्यांनी मला तीनदा धरलंय," तो म्हणाला. "हायवेवर ट्रकचं डिझेल काढायचो, तवा." मग घाईघाईनं पप्पांकडं वळून, "आता न्हाय काढत, साहेब! पंक्चरचं दुकान टाकलंय."

अधिकाऱ्याचं पेन हवेतच राहिलं. "सही करा. पण ती तुमचीच, हे कशावरून?"

"जुळवून बघा की! ठाण्यात धाही बोटांचे ठसे हायत माझे. ह्यांनीच घेतल्यात."

डॉक्टरबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. अधिकाऱ्यानं बोटानं सहीची जागा दाखवली. त्या माणसानं जीभ दातात धरून, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं. अधिकाऱ्यानं खाली आपली सही ठोकली. मशीन घुर्र करून सुरू झालं.

पप्पा उठले. स्वतःची खुर्ची त्याच्यापुढं सरकवली.

"बसा," म्हणाले. "गाल लई सुजलाय तुमचा. बसा."

तो हात जोडून दोन पावलं मागं सरकला.

"नगं साहेब. तुमच्यापुढं खुर्चीवर बसायची सवय न्हाय."