करीमभाईंनी केलेले बुश

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. आज तुम्हाला सांगायला बसलो, तर सकाळपासून तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दाराची कडी बघायला, एकदा उगीच.

गोष्ट गाडीची आहे. म्हणजे, गाडीपासून सुरू होते. तेव्हा चंद्रपूरला चांदाच म्हणत, आणि अख्ख्या चांद्यात दोन सीटांची, बुटकी, शर्यतीच्या घाटाची विलायती गाडी एकच होती – माझी. कोळशाच्या खाणीवरचा एक साहेब मायदेशी जाताना मागे ठेवून गेला, ती मी घेतली. आणि मी कोण? जंगलखात्यात नकाशे काढणारा. अशा माणसाला अशी गाडी हवी कशाला? सासरे हेच विचारायचे. ते ठेकेदार. त्यांच्या वीसेक बैलगाड्या जंगलातून बांबू काढून बल्लारपूरला पोचवायच्या. "जावईबापू, हे गाडी हाय का पाळना?" असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि मला राग यायचा. कारण गाडी खरंच डुलायची.

डुलायची, कारण तिचे बुश गेले होते. पुढच्या चाकांच्या वर लोखंडी पाटे असतात, पाट्यांच्या टोकांना भोकं, भोकांत रबराचे बुश, म्हणजे आखूड जाड नळ्या, आणि त्यांच्यातून बोल्ट. एवढंच. पण आमच्याकडच्या उन्हानं ते रबर जुन्या वहाणेच्या टाचेसारखं झिजून भेगाळलं होतं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायची, खड्डा आला की पुढून खडखड. मुंबईला पत्रं टाकली. या गाडीचं सामान आता मिळत नाही, असं उत्तर आलं.

मग करीमभाईंकडे गेलो. करीमभाई खरादी, लेथवर लोखंड कातणारे – राजुऱ्याच्या रस्त्याला त्यांचं दुकान. बैलगाडीच्या चाकात बसवायचे लोखंडी बुश करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. सासऱ्यांच्या सगळ्या गाड्या त्यांच्याकडेच जायच्या. माझा एक जुना बुश त्यांनी आठवडाभर खिशात बाळगला, जेवतानाही बाजूला ठेवून बघायचे म्हणे. खाणीतून टाकून दिलेला जाड रबरी पट्टा मिळवला, दोन लोखंडी नळ्यांच्या मधे ते रबर दाबून बसवलं आणि चार बुश माझ्या हातावर ठेवले.

"रबर फिरत नाई भाऊ, पिळते," ते म्हणाले. "गाडी आपल्या चाकावर उभी करा, तिचं वजन येऊ द्या, मंग बोल्ट कसा. हवेत कसाल त खाली टेकताच रबर पिळलेलंच राह्यन, अन् एक दिवस फाटन. अन् वंगण लावू नका, रबर सडते. नाई त मीच येतो ना आयतवारी."

मी नको म्हणालो. का नको? सगळं तिथंच तर आहे. मला ते काम स्वतः करायचं होतं. सासऱ्यांना गाडीत बसवायचं, गाडी लोण्यासारखी चालवायची आणि मग हळूच सांगायचं – मी बसवले बुश, मी.

रविवारी बायको माहेरी गेली होती. अंगणात सागाच्या ओंडक्यांवर गाडीचं तोंड उचलून ठेवलं. जुने बुश काही केल्या निघेनात. जाळले, ठोकले, बोटांची सालं काढून घेतली. दुपारपर्यंत नवे बसले. आता फक्त गाडी खाली टेकवायची आणि बोल्ट कसायचे. पण ती गाडी इतकी बुटकी, की खाली टेकवल्यावर तिच्या पोटाखाली मांजर शिरलं तरी खरचटेल. मी कुठून शिरणार?

आता बैलगाडीचं बघा. चाक काढायचं, आसाला वंगण चोपडायचं, चाक चढवायचं, खीळ ठोकायची आणि मगच गाडी खाली सोडायची. सगळं हवेत. माझ्या बापानं तसंच केलं, आज्यानं तसंच केलं. लोखंडाला ते चालतं. मीही तेच केलं. वंगणसुद्धा लावलं – करीमभाईंचा शब्द कानात असताना! ऊन होतं, कंबर धरली होती. आणि एक खरादी मला काय शिकवतो, हेही मनात होतं. होतं, सांगून टाकलं. चारही बोल्ट जीव खाऊन कसले.

वीसेक दिवस गाडी झकास चालली. मग सासरे बसले. मूलच्या रस्त्याला एका वळणावर खालून काहीतरी तुटल्याचा आवाज आला, चाक माझं ऐकेना, आणि गाडी मोहाच्या झाडावर गेली. मला खरचटलं नाही. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

शाबासकी घ्यायच्या आधीच फजिती झाली. त्यांना ओसरीवर खाटेवर निजवलं होतं, अंगणात निम्मा मोहल्ला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काम कोनं केलं होतं?"

"करीमभाईनं," मी म्हणालो.

किती वेळ लागला? काहीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना – इथं तर चोरानंच संन्याशाचं नाव सांगितलं. आठ दिवसांत सासऱ्यांच्या गाड्या दुसऱ्या खराद्याकडे जायला लागल्या. त्यांच्यामागून इतरांच्या. ज्याच्या हातच्या कामानं ठेकेदाराचं हाड मोडलं, त्याच्याकडे आपलं चाक कोण देणार?

पण मी कबूल करायला बसलो ते हे नाही. हे वाईटच आहे, पण हे घाबरून झालं. पुढचं घाबरून झालं असं मला म्हणता येत नाही.

करीमभाई घरी आले. आम्ही दोघंच होतो. त्यांनी मोडक्या गाडीतून फाटलेला बुश काढला, अंगठ्यानं त्याच्यावरचं वंगण पुसलं, वास घेतला, रबराची चीर बोटानं चाचपली. "हवेत कसले ना भाऊ?" आवाजात राग नव्हता. मी मान हलवली – हो म्हणून. त्यांनी बुश खिशात टाकला. मग म्हणाले, "ठेकेदार मालकाले सांगान ना? माह्यं काम बंद होऊन राह्यलं."

"सांगतो," मी म्हणालो. शब्द दिला.

त्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी नवे चार बुश केले आणि पुढच्या रविवारी स्वतः घेऊन आले. सोबत फावडं. बुश बसवून झाल्यावर अंगणात कमरेइतका खड्डा खणला, गाडी त्याच्यावर ढकलली आणि आत उतरले. बस. इतकं सोपं होतं. गाडी चाकांवर उभी आणि माणूस खाली. मला का सुचलं नाही?

तमाशा बघायला माणसं जमली. सासरे गळ्यात हात बांधून खुर्चीवर. सगळ्यांना काय दिसत होतं? खरादी आपली चूक निस्तरायला आला आहे. करीमभाईंनी बोल्टाला पाना लावला, आणि लावून थांबले. खड्ड्यातून त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. ते का थांबले, हे तिथं मला एकट्याला कळत होतं. सांगायची हीच वेळ होती. एक वाक्य. माझी जीभ उचललीही होती.

"या खेपेले नीट कसा, करीमभाई," मी मोठ्यानं म्हणालो.

लोक हसले. सासरेही हसले, आणि मला – हे सांगताना आजही अंगावर काटा येतो – मला त्यांचं हसणं बरं वाटलं.

"हो भाऊ," करीमभाई म्हणाले. त्यांनी चारही बोल्ट कसले. वर आले, हात पुसले, खणलेली माती परत खड्ड्यात लोटली आणि पायानं दाबून जमीन सारखी केली. चहा घेतला नाही. दिवाळीच्या आत त्यांनी दुकान बंद केलं. सिरोंच्याकडे गेले असं कुणी म्हणालं. मी चौकशी केली नाही.

ती गाडी मी पुढं अकरा वर्षं चालवली. कसल्याही खड्ड्यातून गेली तरी पुढून आवाज आला नाही. सासरे मरेपर्यंत सांगत – करीमनं दुसऱ्यांदा कसं बेस काम केलं, पयल्यांदाच तसं करता त काय झालं असतं! मी शेजारी बसून मान डोलवायचो.

पहिल्यांदाही त्यांनी बेसच केलं होतं. बोल्ट मी कसले. गाडी हवेत होती.