जानकूनं मोजलेलं पाऊल

महाळुंगे पडवळच्या जानकूला अक्षरओळख नव्हती, पण तो मोजायला उभा राहिला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा गावाचा रिवाज पडला होता. संध्याकाळी मेंढरं वाडग्यात शिरायची तेव्हा तो काटेरी फाटकाशी उभा राही. बंडीच्या डाव्या खिशात खडे असत. वीस मेंढरं आत गेली की एक खडा डाव्या खिशातनं उजव्यात. मध्येच कुत्रं भुंको, कुणी वाट विचारो, नाहीतर बायको गजराबाई चहाला हाक मारो, आकडा काही हलायचा नाही.

एकदा कोकणातल्या चराईहून परतताना गजराबाईच्या सख्ख्या भावाची, गेणभाऊची, मेंढरं दुसऱ्या एकाच्या कळपात मिसळली. तीन मेंढ्यांवरनं दोघं हटून बसले. जानकूनं निघताना दोन्ही कळप मोजले होते, म्हणून त्यालाच बोलावलं. त्यानं खडे फिरवले आणि तिन्ही मेंढ्या परक्याच्या ठरवल्या. गेणभाऊ पुढची दोन वर्षं भाऊबीजेला आला नाही. गजराबाई दर भाऊबीजेला ताट तयार करायची आणि नवऱ्याकडं बघत म्हणायची, "आता त्या तीन मेंढ्यांना ओवाळू का?"

जानकू खाली मान घालून तंबाखू मळायचा. चुकलं असं मात्र त्यानं कधी म्हटलं नाही.

पुढं कालव्याचं पाणी आलं, शेतात बटाटा नि कांदा निघायला लागला, आणि कोकणात जाणं सुटलं. पन्नासेक मेंढरं तेवढी राखली. जानकू ती डोंगराच्या अंगाला चारायचा आणि थोरला पोरगा मच्छिंद्र दुपारी फटफटीवरनं भाकरी पोचवायचा. गाडी म्हणजे जुनी राजदूत. डोंगराला रस्ता कसला, नुसते धोंडे. पहिल्या दिवशी मच्छिंद्र पडला नि कालवण सांडलं. दुसऱ्या दिवशीही पडला. तिसऱ्या दिवशी कोरडी भाकरी चावत जानकू म्हणाला, "आरं, मेंढी कुठं पाय टाकती ते बघ. तिथं चाक घाल. ती कधी पडलीया का?"

पोरगं मेंढ्यांचे पाय बघायला लागलं. सरळ वर न जाता आडवं जायचं, ओला दगड सोडायचा, उडी मारायच्या आधी क्षणभर थांबायचं. वर्षभरात मच्छिंद्र पाय न टेकवता थेट बापाच्या, आबांच्या, पुढ्यात गाडी आणून उभी करायला लागला. कालवण सांडायचं थांबलं, याचंच गजराबाईला जास्त कौतुक.

अशी गाडी चालवायची शर्यत असते, हे त्याला सांगितलं जुन्नरच्या राजरत्ननं. राजरत्नचं जुन्नरच्या बाजारपेठेत गॅरेज होतं आणि हाताला देवानं नव्हे, पान्यानं वर दिला होता. तो म्हणाला, हिला ट्रायल म्हणतात. हिच्यात पळायचं नसतं. ओढ्यातनं, धोंड्यांवरनं फीत बांधून वाट आखतात, तिला टप्पा म्हणतात. टप्प्यात एकदा पाय टेकला की एक गुण, पडला की पाच. आणि ज्याचे गुण सगळ्यात कमी तो पहिला.

गजराबाईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "मंग घरी बसलेला पैला येत आसंल."

राजरत्ननं राजदूतची सीट काढून टाकली, सायलेन्सर वर उचलला, पाय ठेवायचे दांडे मागं सरकवले, मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती बसवली आणि टायरमधली निम्मी हवा सोडायला शिकवलं. गाडी कातरलेल्या बोकडासारखी दिसायला लागली. पारावरची माणसं विचारायची, "मच्छिंद्र, सीट मेंढरांनी खाल्ली का रं?" पण तो नारायणगावला गेला, ओतूरला गेला, आणि दोन्हीकडं पहिल्या तिघांत आला. मग हसणारे जरा बेतानं हसायला लागले.

दोन हजार तीनच्या संक्रांतीनंतर लेण्याद्रीच्या अलीकडच्या ओढ्यात मोठी ट्रायल ठरली. पुण्याचा एक क्लब ती भरवणार होता. पहिल्या सहाजणांना क्लब आपल्या संघात घेणार, आठवडाभर तिथंच ओढ्यात शिकवणार, आणि चालवायला परदेशी ट्रायलची गाडी देणार. ती गाडी राजदूतच्या निम्म्या वजनाची. राजरत्ननं तिचं चित्र गॅरेजात भिंतीला चिकटवलं होतं. मच्छिंद्र त्या चित्रापुढं उभा राहायचा ते हात पुसायचं निमित्त करून. दुसरं काही त्याला नको होतं. त्या सहांत यायचं, बस्स.

क्लबचे साहेब गॅरेजात आले तेव्हा राजरत्ननं मित्राच्या बापाची मोजणी तिखटमीठ लावून सांगितली, गेणभाऊच्या मेंढ्यांसकट. साहेब हसले नाहीत. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी गाडी घेऊन थेट महाळुंग्याला आले. ओट्यावर घोंगडीवर बसून गुळाचा चहा प्यायले आणि म्हणाले, शेवटच्या, सगळ्यात अवघड टप्प्याला पंच म्हणून बाबाच हवेत.

मच्छिंद्र चाचरला. बापच पंच म्हटल्यावर लोक काय म्हणतील?

साहेबांनी जानकूच्या गुडघ्यावर हात ठेवला. "लोक काय म्हणणार? हा माणूस पोटच्या पोराचासुद्धा पाय सोडायचा नाही."

जानकूची छाती बंडीत मावेना. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीतला माणूस त्याच्या घोंगडीवर बसून त्याचा खरेपणा मागत होता. साहेबांनी टाइप केलेला एक कागद दिला, नियमांचा. जानकूनं तो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, आपल्याला वाचता येत नाय. साहेब म्हणाले, "वाचायचं काय त्यात? तुम्ही फक्त पाय मोजायचे, बाबा. दुसरीकडं बघायचंच नाही."

कागदाची घडी बंडीच्या आतल्या खिशात, तंबाखूच्या पिशवीशेजारी गेली.

ट्रायलच्या दिवशी जानकूनं नवं मुंडासं बांधलं. ओढ्याच्या वळणाला त्याचा टप्पा होता. मध्ये हत्तीएवढा एक खडक वाटेवर कलला होता, त्याच्या कडेनं घासून जायचं आणि पुढं ओली वाळू. जानकूनं डाव्या खिशात खडे भरले आणि बसला उकिडवा, म्हणजे नजर बुटांच्या पातळीला येते. एकेक गाडी आली. कुणाचे दोन खडे, कुणाचे तीन, एकजण आडवाच झाला. जानकू आकडा सांगायचा, शेजारचा लिहिणारा लिहून घ्यायचा.

शेवटी दोघं उरले. पाच जागा ठरल्यासारख्या होत्या, सहावीसाठी हे दोघं. निळ्या हेल्मेटचा पुण्याचा पोरगा आणि मच्छिंद्र. दोघांचे गुण सारखे.

निळं हेल्मेट आधी आलं. कललेल्या खडकाशी त्याचा तोल गेला. त्यानं खांदा खडकाला लावला, तळहातही लावला, दम घेतला, आणि खडकाला रेटा देऊन पुढं गेला. पाय मात्र दांड्यावरच. फितीपलीकडनं राजरत्न ओरडला, "खांदा, खांदा." साहेब तिथंच उभे होते. ते राजरत्नला म्हणाले, पंचाला शिकवायचं नाही, टप्पा बाबांचा आहे. आणि जानकूकडं वळून शांतपणे विचारलं, "बाबा, पाय?"

"पाय न्हाई टेकला," जानकू म्हणाला. खडा हलला नाही.

मग मच्छिंद्र आला. तो वळणामागं होता, त्यानं यातलं काही बघितलं नव्हतं. खडकाशी तो थांबला, मेंढी थांबते तसा, आणि अंग चोरून, न शिवता निघाला. डोंगरावरची ती सगळी वर्षं त्या एका वळणात होती. आणि तेवढ्यात ओल्या वाळूत मागचं चाक भिरभिरलं. डाव्या बुटाचा चवडा वाळूला लागला. लागला म्हणजे किती, कोकरू पाण्याला तोंड लावतं तेवढा. कुणीच बघितला नाही. बघितला जानकूनं, आणि ज्याचा पाय त्यानं.

बापलेकांची नजर भेटली. जानकूचा हात डाव्या खिशात गेला आणि उजव्या खिशात आला.

"एक," तो म्हणाला.

फळ्यावर आकडे लागले तेव्हा मच्छिंद्र सातवा होता. राजरत्ननं त्याला खांद्याची गोष्ट सांगितली आणि ओढत साहेबांकडं नेलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, अर्ध्या तासात लेखी तक्रार करता येते. मग कागद पुढं सरकवला. "पंचाविरुद्ध करावी लागेल. लिही, वडिलांनी खोटं मोजलं म्हणून."

मच्छिंद्रनं पेन हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी पोचवायला तो डोंगरावर गेला, फडकं दगडावर ठेवलं आणि मागं फिरला. गाडी खालीच लावून चालत आला होता. जानकूला वाटलं, पाय मोजला त्याचा राग आहे, गेणभाऊसारखा. गेणभाऊ दोन वर्षांनी आला होता. पोरगं त्याच्या आधी येईल, एवढाच त्यानं हिशोब केला.

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रची धाकटी बहीण सुप्रिया, ती घोडेगावला बारावीला होती, आबांची बंडी धुवायला घेऊन बसली. खिशातनं कागद निघाला. तंबाखूचा वास झटकत ती मोठ्यानं वाचायला लागली आणि तिसऱ्या ओळीला थांबली. मग परत वाचलं, सावकाश. पाय, हात, खांदा किंवा अंगाचा कोणताही भाग जमिनीला, खडकाला वा झाडाला टेकवून आधार घेतल्यास एक गुण.

जानकू ओट्यावर होता. तो म्हणाला, "परत वाच."

तिनं वाचलं. दारात मच्छिंद्र उभा होता.

"त्याचा खांदा तुमाला दिसला न्हवता का, आबा?"

"दिसला की. हातबी दिसला."

"मंग?"

"सायेब म्हणला, फकस्त पाय."

तीन दिवस मच्छिंद्र वेगळंच धरून बसला होता. आबांनी आपला खरेपणा मिरवायला परक्याचं सोडलं आणि घरचं धरलं, असं. तो खाली बसला आणि म्हणाला, "मला वाटलं, तुमाला समदं ठावं हाय."

गजराबाई चुलीपुढनं म्हणाली, "त्यो चहा कशाला पेला, ते आता कळलं." पुढं तिनं मेंढ्यांचं नाव काढलं नाही. दोन वर्षं काढलं होतं, त्या दिवशी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जानकू जुन्नरला गेला आणि तिथनं चालत ओढ्यावर. सहाजणांचं शिकणं चालू होतं. राजरत्नच्या भिंतीवरच्या चित्रातली गाडी तिथं खरी होती, आणि तिच्यावर निळं हेल्मेट होतं. पोरानं गाडी थांबवून हेल्मेट काढलं आणि तंबूकडं ओरडून विचारलं, "मामा, ब्रेक जरा ढिला वाटतोय, बघता का?"

तंबूतनं साहेब बाहेर आले.

जानकूला आता कुणी काही वाचून दाखवायची गरज राहिली नाही. आपल्या घोंगडीवर बसून हा माणूस काय मागून गेला, ते त्याला उमगलं. खोटं मोजणारा माणूस त्यांना कुठंही मिळाला असता. त्यांना खरं मोजणारा हवा होता, पण ज्याला नियम अर्धाच सांगितलाय असा.

साहेबांनी ओळख दाखवली, खुर्ची मागवली. जानकू बसला नाही. म्हणाला, "सायेब, माजी मोजणी चुकलीया. ल्ह्यून घ्या."

साठीला टेकलेल्या त्या माणसाच्या तोंडून हे वाक्य पहिल्यांदाच निघत होतं. ते ऐकायला गाव असतं तर गावानं कान चोळले असते.

साहेब मऊ आवाजात म्हणाले, "बाबा, आता कसं बदलणार? मुदत संपली. आणि तुमचाच तर शब्द आहे. तुमच्या शब्दावर आम्ही कसा संशय घ्यायचा?"

जानकूनं डाव्या खिशातनं एक खडा काढला आणि साहेबांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"ह्यो खांद्याचा," म्हणाला. "माज्याकडं ऱ्हायला व्हता."

आणि आला तसा निघाला. पोरानं विचारलं, मामा, काय म्हणत होते ते? मामांनी काय सांगितलं ते जानकूला ऐकू आलं नाही, आणि त्यानं मान वळवली नाही.

राजरत्ननं भिंतीवरचं चित्र काढलं आणि राजदूतला सीट परत बसवून दिली. मच्छिंद्र त्या गाडीवर दुधाच्या किटल्या घालून डेअरीला जायला लागला. धोंड्यांची वाट त्यानं सोडली नाही, पण टप्प्यात परत कधी उतरला नाही. दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच कुणाचं बोलावणं आलं, तर म्हणाला, आबांना विचारा. आबा म्हणाले, पोराला विचारा. बोलावणारा कंटाळून गेला.

गावानंही पुढं दोन-तीनदा जानकूला मोजायला बोलावलं. तो हात जोडायचा आणि म्हणायचा, दुसरा कुणीतरी बघा, मला आता निम्मंच दिसतंय. लोकांना वाटलं, मोतीबिंदू झाला असेल. एकानं तर नारायणगावच्या डोळ्यांच्या शिबिराचा दिवसही सांगितला.

घरच्या वाडग्याशी मात्र संध्याकाळी तो उभा राहायचाच. फरक एवढाच पडला की फाटकाच्या दुसऱ्या अंगाला मच्छिंद्र उभा असायचा. मेंढरं दोघांच्या मधनं आत जायची. शेवटचं कोकरू गेलं की जानकू आपला आकडा तोंडातच ठेवायचा आणि विचारायचा, "तुजी किती?"

मच्छिंद्र सांगायचा. मग जानकू उजव्या खिशातले खडे तळहातावर घेऊन बघायचा, मान हलवायचा, आणि मगच फाटकाला काट्याची फांदी लावायचा.