काकांचा तमिळ रिमेक

“थांबा. इथे व्हायोलिन.”

असं म्हणून काका एक बोट वर करायचे, डोळे मिटायचे आणि नाकातून व्हायोलिन वाजवायचे. सुपरमार्केटच्या काउंटरवर, कुणाच्या वाढदिवसाला, कुठेही. एकदा हाउसार्ट्स, म्हणजे आमच्या इथली फॅमिली डॉक्टर, त्यांना ब्लड प्रेशर वाढलंय असं सांगत होती, तेव्हासुद्धा. हे आजाराचंच लक्षण असावं असं समजून ती बिचारी पूर्ण तुकडा संपेपर्यंत थांबली.

नेदरलँड्समधल्या नीउ-व्हेनेप गावात आमच्यापासून तिसरं घर काका-काकूंचं. दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या इतरांच्या चुका शोधणं ही काकांची नोकरी. पण ध्यास वेगळाच. लग्नानंतर लगेच कामासाठी ते चेन्नईला होते, तेव्हा दोघांनी एक तमिळ प्रेमपट पाहिला होता. त्याचा मराठी रिमेक त्यांना करायचा होता. तमिळचा एक शब्दही येत नव्हता, पण ती अडचण त्यांना कधी वाटली नाही.

“भाव कळला ना? मग भाषा कशाला?”

नायक अर्थातच काका. नायिका काकू, पण “मी पळणार नाही” या अटीवर. मग प्रेमगीतात काकू शालूवर जाडजूड जॅकेट चढवून पुढे मोठं खोकं जोडलेल्या डच सायकलच्या खोक्यात बसल्या आणि काका समोरून येणाऱ्या वाऱ्यात पेडल मारत गायले. “अहो, तोंड मिटा, घसा धरेल,” असं काकू मधूनमधून म्हणतात, तेही सिनेमात आलंय.

गाण्यांच्या मूळ चाली काकांना पाठ होत्या. मराठी शब्द कमी पडले की ते ‘गं’ घालत. एका गाण्यात शब्दांपेक्षा ‘गं’ जास्त झाले. रेकॉर्डिंग त्यांच्या बाथरूममध्ये, कारण तिथे आवाज घुमतो. कोरस मी पालथ्या बादलीवर बसून दिला. शिवाय मी खलनायिका होते. चष्मा लावून नायकाकडे टक लावून बघायचं, एवढंच काम.

वस्तीच्या हॉलमध्ये खेळ ठरला. प्रमुख पाहुणे म्हणून काकांचे एक तमिळ सहकारी मुद्दाम युट्रेख्टहून आले. सायकलवरचं गाणं सुरू झालं तसे ते अस्वस्थ झाले. मध्यंतरात त्यांनी हळूच इंग्रजीत विचारलं, “पण हे दोघं बहीण-भाऊ आहेत ना?”

आजूबाजूच्या माना वळल्या.

“लहानपणी ताटातूट झालेले. आणि ती चाल बहिणीच्या पाठवणीच्या गाण्याची आहे,” पाहुणे अगदी अपराधी चेहऱ्याने म्हणाले. “त्याचं प्रेम त्या चष्मेवालीवर असतं.”

म्हणजे नायिका मी होते. पण तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही हसायला आलं नसतं. काकांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्यांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

“बंद करतो,” ते म्हणाले.

“अहो, मला माहीत होतं,” काकू म्हणाल्या.

“काय?”

“बहीण-भाऊ आहेत ते. चेन्नईला मध्यंतरात तुम्ही कॉफी आणायला गेलात, तेव्हा शेजारच्या बाईंनी मला इंग्रजीत सगळं सांगितलं होतं.”

“अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही कॉफी घेऊन आलात ते रडतच. घरी जाताना बसमध्ये मला सगळी गोष्ट सांगितलीत, तुमची. मला तीच आवडली.” मग त्या पाहुण्यांकडे वळल्या. “लावा हो पुढे.”

पाहुण्यांना मराठी कळलं नव्हतं. त्यांनी मात्र बरोबर बटण दाबलं.

काका-काकू आता पुण्याला परत गेलेत. त्या घरात एक डच जोडपं राहतं, फार शांत. काकांचं नाव निघालं की मला तो उत्तरार्ध आठवतो. पडद्यावर काका वादळात हात पसरून उभे होते, ‘गं’ वर ‘गं’ येत होते, लोक टाळ्या वाजवत होते. खरे काका खुर्ची ओढून काकूंच्या बाजूला जाऊन बसले होते. इतकी वर्षं जपलेला आपला सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. ते सगळा वेळ काकूंकडे बघत होते.