सोऱ्यावरचा लाल ठिपका

दोह्यात राहून मी आजवर एकदाच पोलिसांसमोर चकल्या पाडून दाखवल्या आहेत.

पुन्हा दाखवायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहून ठेवतोय. (शिवाय आमची मुलगी इरा हा किस्सा मैत्रिणींना इंग्रजीत सांगते, तेव्हा त्यात माझ्या अंगावर फक्त बनियन असतं. साफ खोटं! लुंगीसुद्धा होती.)

सुनंदा, म्हणजे आमची सौ., इथल्या एका गॅस कंपनीत प्रोसेस इंजिनिअर आहे. मी बिन महमूदमधल्या एका लहानशा ऑफिसात एसीच्या डक्टची ड्रॉइंग काढतो. थोडक्यात, घरात कर्तबगारी तिची आणि गारवा माझा. तिच्या कंपनीचा दर हिवाळ्यात फॅमिली डे असतो, आणि त्यात लुसैलच्या रेंजवर पिस्तुलाने नेमबाजीची जोडी-स्पर्धा असते. जोडी म्हणजे एक कर्मचारी आणि एक त्याच्या घरचा माणूस. आमच्याकडे घरचा माणूस कायम मीच.

पण गेल्या खेपेला मी मारलेल्या सगळ्या गोळ्या शेजारच्या लेनमधल्या बाईंच्या टार्गेटवर जाऊन बसल्या! बाईंना बक्षीस मिळालं. नाताळात त्यांनी मला केक पाठवला. सुनंदाने तो खाल्ला नाही.

"अहो, या वर्षी विन्याला घेऊ का जोडीला?" यंदा नावं द्यायची वेळ आली तेव्हा तिने विचारलं. स्वर असा, जसं काही भाजीत बटाटा घालू का म्हणून विचारतेय.

विन्या म्हणजे माझा मेहुणा विनय. आयटीतल्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, फरीज बिन ओमरानला राहतो आणि शुक्रवारी जेवायला आमच्याकडे असतो. वय तिशीच्या आतबाहेर. रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी त्याला आमच्या सोफ्यावरून वाचता येते, आणि तो ती मुद्दाम मोठ्याने वाचतो.

"दाजी, रागावू नका," तो माझ्या ताटातली कोशिंबीर स्वतःकडे ओढत म्हणाला, "पण तुम्ही परवा लिफ्टमध्ये आरशाला गुड मॉर्निंग केलंत."

"तो शिष्टाचार होता!"

"आरशाने उत्तर नाही दिलं म्हणून तुम्ही चिडलात, दाजी."

सुनंदा हसली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी बायकोच्या शेजारची जागा सख्ख्या मेहुण्याला जाणार! मी कोशिंबीर परत माझ्याकडे ओढली. "एक संधी दे," मी म्हणालो. "डोळ्यांचं काय ते बघतो."

"बघा. महिनाअखेरच्या रविवारी सराव आहे. जमलं तर तुम्ही, नाहीतर विन्या. खलास."

आता माझी अडचण सांगतो. पिस्तुलाला मागे एक खाच असते, पुढे टोकाला एक माशी असते (तसा बारीक उंचवटा असतो, पण नेमबाज त्याला माशीच म्हणतात), आणि समोर लांब टार्गेट. तिन्ही एका रेषेत आणायची. तरुण डोळा तिघांनाही भेटून येतो. पन्नाशीच्या पुढचा डोळा एकाच घरी जातो आणि तिथेच जेवून झोपतो. जवळचा चष्मा लावला की माशी ठसठशीत, टार्गेट गायब. काढला की टार्गेट हजर, माशी उडाली. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बघायचं तर हनुवटी छताकडे न्यावी लागे. न्हाव्यापुढे दाढीला बसलेला माणूस अचानक गोळ्या झाडायला लागला तर कसा दिसेल, तसा मी दिसत असे.

रेंजवरच्या प्रशिक्षकांना सगळे कॅप्टन म्हणतात. इजिप्तचे आहेत, आणि पोटातून हसतात. त्यांनी माझा पवित्रा पाहिला, पोटभर हसून घेतलं आणि म्हणाले, "मिस्टर, यू नीड रेड डॉट!"

रेड डॉट म्हणजे पिस्तुलाच्या पाठीवर बसणारी काडेपेटीएवढी काचेची खिडकी. आत लाल ठिपका दिसतो. खाच नको, माशी नको. दोन्ही डोळे उघडे ठेवून टार्गेटकडे बघायचं, ठिपका त्यावर आला की चाप ओढायचा. (विन्याला वाटत होतं की लाल उजेड थेट समोरच्या माणसाच्या छातीवर पडतो. तसं काही नाही. ठिपका फक्त बघणाऱ्याला दिसतो. तरुण पिढीला पाटी वाचता येते, बाकी काही नाही!) फॅमिली डेच्या स्पर्धेत तो चालतो. क्लबनेच मागवून दिला, आणि कॅप्टननी क्लबच्या पिस्तुलावर बारीक स्क्रू आवळून बसवलासुद्धा.

मी ऐटीत पिस्तूल उचललं. खिडकीतून पाहिलं. हादरलो!

ठिपका कुठे होता? पोळपाटावर मिरचीचा ठेचा सांडावा आणि कुणीतरी कोपराने पुसावा, तसा एक लाल फराटा तिथे पडला होता. वर एक शेपूटही होतं!

"कॅप्टन, हा तुटका आहे."

कॅप्टननी पाहिलं. "राउंड."

सुनंदाने पाहिलं. "गोल तर आहे हो!"

विन्याला कुणी बोलावलंही नव्हतं. त्याने पाहिलं. "दाजी, एकदम टिकलीसारखा गोल."

"तुम्हाला गोल दिसतो, कारण तुम्ही नीट बघत नाही!" मी ओरडलो. कॅप्टन पहिल्यांदाच हसले नाहीत. त्यांनी ठिपका उतरवून माझ्या हातात ठेवला. पिस्तूल अर्थातच क्लबच्या कपाटातून हलत नाही, पण ठिपका माझा होता. "टेक इट होम. लुक, लुक, लुक. प्रॅक्टिस."

इथपर्यंत सगळं कायदेशीर होतं. पुढचं डोकं माझं.

शुक्रवारी दुपारी माझ्या मनात आलं की नुसता ठिपका हातात धरून काय सराव होणार? त्याखाली पिस्तुलासारखं काहीतरी हवं. मुठीत धरता येईल, चाप असेल, थोडं वजन असेल. घरभर हिंडलो. ड्रिल मशीन जड पडलं. इराचा हेअर ड्रायर गुलाबी होता. आणि ओट्यावर मला ते दिसलं!

सुनंदाने पुण्याहून आणलेला नवा सोऱ्या. आपला पितळी, दांडा फिरवायचा नव्हे. स्टीलचा, लखलखीत, पुढे नळी, मागे मूठ, आणि घोडा दाबला की चकली पुढे सरकते असा! दिवाळी जवळ आली होती, आत भाजणीचं पीठसुद्धा भरून ठेवलेलं. वजन अगदी बरोबर! परमेश्वराने माझ्यासाठीच मळलं होतं म्हणा ना.

डबल टेपने मी ठिपका सोऱ्याच्या पाठीवर चिकटवला, वरून दोन केबल टाय आवळले. डक्टच्या धंद्यात राहिल्याचा एवढाच उपयोग. आता लांबचं टार्गेट हवं होतं. चौथ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची डिश अँटेना सुरेख दिसते. ऊन डोळ्यावर येत होतं, म्हणून मी कपडे वाळत घालायच्या स्टँडआड बसलो. सुनंदाच्या ओल्या साडीची घडी जरा बाजूला केली. फटीतून नळी बाहेर काढली. श्वास रोखला.

फराटाच! घोडा दाबला. चकलीचं पीठ पुढे आलं. फराटाच! बसण्याची पद्धत बदलली. गुडघ्यावर आलो. डावा डोळा मिटला, उजवा मिटला, एकदा चुकून दोन्ही मिटले. (तेव्हा मात्र फराटा दिसला नाही.)

समोरच्या बाल्कनीत एक बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या हे मला दिसलंच नाही. दिसत असतं, तर हा सगळा खटाटोप कशाला केला असता? त्यांना मात्र मी व्यवस्थित दिसलो. ओल्या साडीआडून बनियनमधला एक माणूस, हातात चकचकीत नळी, नळीवर काचेचं यंत्र, आणि नेम त्यांच्या डोक्यावरून जरासा वर!

बेल वाजली तेव्हा मी गडबडीत सोऱ्या घेऊनच दार उघडायला निघालो. सुनंदा पुढे होती म्हणून वाचलो. दारात इमारतीचा वॉचमन, रंग उडालेला. मागे दोन पोलीस.

"सर," वॉचमन पुटपुटला, "इनको बोला गया, आपके पास गन है."

माझ्या हातातला सोऱ्या त्यांना दिसला. त्यांचा हात कमरेकडे गेलेला मला दिसला. (हे मात्र लख्ख दिसलं!)

"डाउन! पुट डाउन!"

मी सोऱ्या जमिनीवर ठेवला, आणि त्याच्या शेजारी मीही बसलो. डोळ्यांसमोर सगळं एकदम आलं. नोकरी, व्हिसा, इराचं कॉलेज, सुनंदाच्या ऑफिसात होणारी कुजबुज. खेळता खेळता सगळ्या घराला सामान बांधायला लावलं मी! सुनंदाचा चेहरा पांढरा पडला होता. इरा आतून आली आणि म्हणाली, "ओह माय गॉड, बाबा, व्हॉट डिड यू डू?"

थोरल्या पोलिसाने विन्याकडे पाहिलं. "यू? फॅमिली?"

विन्या ताट हातात धरून उभा होता. "नो सर. आय ओन्ली केम फॉर लंच."

"सर, इट इज फॉर चकली," सुनंदा कशीबशी म्हणाली.

"व्हॉट इज चकली?"

त्या क्षणी आमच्या सर्व शिक्षणाचा कस लागला आणि ते अपुरं पडलं. शेवटी त्यांनीच खुणेने सांगितलं, दाखवा. इराने वर्तमानपत्र पसरलं. मी घोडा दाबला. पीठ आलं. मी वेढा घातला, दुसरा घातला. भीतीमुळे म्हणा, पण इतकी काटेरी, इतकी सुबक चकली आमच्या घरात कधी पडली नव्हती! धाकटा पोलीस वाकून बघायला लागला. थोरल्याच्या मिशा हलल्या.

"अँड धिस?" त्याने ठिपक्यावर बोट ठेवलं.

आम्ही कॅप्टनना फोन लावून दिला. बरंच अरबी झालं. फोनमधून पोटभर हसणं ऐकू आलं आणि माझ्या जिवात जीव आला. थोरल्याने सोऱ्या उचलला, सराईतपणे खिडकीकडे धरला आणि काचेतून पाहिलं. "गुड डॉट," तो म्हणाला. "राउंड."

इथे शहाण्या माणसाने शुक्रन म्हणून दार लावलं असतं.

"राउंड?" मी उठून उभा राहिलो. "आर यू शुअर, सर? प्लीज लुक अगेन! इट हॅज अ टेल!"

"अहो!" सुनंदाने कपाळावर हात मारला. विन्या ताटासकट खाली बसला.

थोरल्याने मला नीट न्याहाळलं. मग स्वतःचा मोबाइल काढला, काचेमागे धरून फोटो घेतला आणि माझ्या नाकासमोर नेला. फोटोत ठिपका होता. गोल. गुळगुळीत. शेपटीचा मागमूस नाही.

"मिस्टर," तो माझ्या डोळ्यांकडे बोट दाखवत अतिशय शांतपणे म्हणाला, "डॉट नो प्रॉब्लेम. आय डॉक्टर. यल्ला, गो." मग आवाज बदलून बजावलं, की बाल्कनीतून कशावरही नेम धरायचा नाही, चकलीच्या यंत्रानेसुद्धा नाही, आणि ही वस्तू आजच्या आज क्लबात परत गेली पाहिजे. समोरच्या बाईंची माफी मागायला सुनंदा आणि मी लगेच गेलो. त्यांनी दार साखळीएवढंच उघडलं.

डोळ्यांच्या डॉक्टरबाई मलयाळी. त्यांनी मला कसल्याशा काचा बदलून दाखवल्या आणि विचारलं, "रात्री रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या दिसतात का?"

"सगळ्यांनाच दिसतात ना?"

"नाही," बाई म्हणाल्या.

मला धक्काच बसला! इतकी वर्षं मी समजत होतो की दोह्याची रोषणाईच तशी आहे. पाहुण्यांना मुद्दाम समुद्रकाठच्या कॉर्निशवर नेऊन दाखवायचो! सिलिंड्रिकल नंबर निघाला. बुबुळाचा आकारच किंचित वाकडा. ठिपका गोल होता, मी नव्हतो.

नवा चष्मा लावून त्या सरावाच्या रविवारी रेंजवर गेलो. कॅप्टननी ठिपका पुन्हा पिस्तुलावर बसवला, मी पाहिलं आणि डोळ्यांत पाणी आलं. गोल! कुंकवासारखा गोल! टार्गेट स्वच्छ, आकडे स्वच्छ, ठिपका स्वच्छ.

पण ठिपका एका जागी राहीना. तो टार्गेटभर हिंडत होता. वर गेला, खाली आला, शेजारच्या लेनमध्येही डोकावून आला. पूर्वी माशी धूसर दिसायची, म्हणून हात स्थिर आहे असं वाटायचं. आता माझ्या हाताची थरथर लाल रंगात, ठळक, डोळ्यांसमोर! चाप ओढला. गोळी कुठे गेली ते कॅप्टननाही सापडलं नाही.

"बघू मला," म्हणून सुनंदाने पिस्तूल घेतलं. गोळ्यांमागून गोळ्या, सगळ्या टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलात. कागद जवळ आला तेव्हा मध्ये एकच फाटकं भोक! तिने पिस्तूल खाली ठेवलं आणि त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"काय झालं?"

"मला आज पहिल्यांदा दिसलं हो," ती हळूच म्हणाली. "दोन वर्षं मी अंदाजानेच मारत होते."

मी थक्क झालो. डोळे दोघांचे गेले होते, आणि आरडाओरडा एकट्याने केला होता! घरी येताना गाडीत मी शेवटचा प्रयत्न केला. "सुनंदा, डोळ्यांचं तर झालं. आता या हातासाठी काही बसवून मिळतं का, बघतो."

"मिळतं की," ती नवा चष्मा करायला डॉक्टरबाईंना फोन लावत म्हणाली. "विन्याचा हात."