चहा पिऊन मोडलेला धुरा

आमच्या शिवारात धुऱ्यावरून डोकी फुटलीत, सख्ख्या भावांनी एकमेकांच्या घरचं पाणी सोडलं, कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. आमचा धुरा मात्र आम्ही चहा पिऊन, हसत हसत मोडला. आणि तो मोडायची सगळ्यांत जास्त घाई मला होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणावर ढकलायला नको.

धुरा म्हणजे दोन शेतांच्या मधली, नांगर न लागलेली पट्टी. आमचं गाव सेनगावकडचं. गावाच्या कडेला धुरा सुरू व्हायचा, आमच्या अन् चुलतदिराच्या रानामधून सरळ खाली उतरायचा, आमच्या विहिरीपासून पुढं ओढ्याला मिळायचा. वरच्या टोकाला माळ. बैलगाडी जाईल एवढीच त्याची रुंदी. सुरुवातीला एक जुनी बोर, मग बाभळी, आपटा, पळस आणि विहिरीजवळ मोठा लिंब. खाली तरवड अन् निर्गुडीची दाटी. यातलं एकही झाड कुणी लावलेलं नव्हतं. पाखरांनी बिया टाकल्या अन् माणसांनी नांगर घातला नाही, एवढंच.

मी लग्न होऊन आले तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणी जिल्ह्यातले. नव्या नवरीला शेत दाखवायला नेलं तर पहिल्याच बोरीखाली माझ्या पायात काटा मोडला. पुढं सासरे, मागं सासूबाई, डोक्यावर पदर, ओरडायची सोय नाही. पण लंगडणं काही लपत नाही. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. मामा वळले, म्हणाले, "बैस खाली." सासऱ्यानं सुनेच्या पायाला हात लावायचा, असं आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "अवो, लोकं काय म्हणतील?" मामा म्हणाले, "लोकायच्या पायात मोडलाय का काटा?" त्यांनी बोरीचाच दुसरा काटा तोडला, त्यानं माझा काटा काढला, वर रुईचा चीक लावला. मी शरमेनं अर्धी झाले होते. ते म्हणाले, "रडू नको पोरी. बोरीनं तुही वळख करून घेतली."

असा माणूस. बोलणं कमी, पण बोलला की लक्षात राहायचं. एकदा भर उन्हाळ्यात आम्ही लिंबाखाली भाकरी खात होतो. माळ वाळून कोळसा झालेला. निर्गुडीतून एक ससा आला अन् आमच्या पुढ्यातून ओढ्याकडं निघाला. मी दगड उचलला. मामांनी माझा हात धरला. "राहू दे. माळावरनं पाण्याला यायची त्याची पांदण हाय ही. आपूनच त्याच्या पांदणीत बसून राहिलो." मला हसू आलं. सशाची कसली आली पांदण! गाडीवाटेला पांदण म्हणतात, सशाला काय गाडी हाकायची असते? पण त्यानंतर मी पाहत गेले. तितरं त्याच वाटेनं उतरायची, मुंगूस त्याच वाटेनं जायचं, आणि धामण दिसली तरी त्याच सावलीत दिसायची. उघड्या रानात कुणी यायचं नाही.

सासूबाई गेल्या त्यानंतर दोन-तीन वर्षांत मामांचं विसरणं सुरू झालं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. जेवून उठायचे अन् म्हणायचे, "आज भाकर न्हाई केली का?" मग मला त्यांच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. एक दिवस पोटच्या पोराला, म्हणजे आमच्या ह्यांना, विचारलं, "पाहुणं, कव्हा आलात?" हे बाहेर जाऊन गोठ्यात उभे राहिले. बाप्या माणूस रडतो तेव्हा गोठ्यातच जातो.

पण एक नवल होतं. रोज सकाळी काठी घेऊन मामा एकटे शेतात जायचे अन् बरोब्बर विहिरीवर पोचायचे. घरात न्हाणीची वाट चुकणारा माणूस शेताची वाट चुकत नव्हता. मला राहवेना. एक दिवस मागोमाग गेले.

बोरीपाशी ते थांबले. खोडावर हात ठेवला. मग मागं वळून पाहिलं, मी दिसले. माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "काटा निघाला का व्हं सूनबाई?"

माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, "निघाला मामा."

पुढं बाभळीला हात लावला, "हितं तांबडा बैल बसला व्हता. उठंचना." आपट्याला हात लावला, "हितं सांगावा आला, पोरगं झालं म्हून." आणि पोराचं नाव घेतलं, आमच्या ह्यांचं, खणखणीत. मग म्हणाले, "आता फुडं पळस, मंग लिंब." एक झाड त्यांना दुसऱ्या झाडाकडं सोडत होतं. लिंबाखाली बसले तेव्हा ते अगदी पहिल्यासारखे होते. पिकाचं विचारलं, सासूबाई गेल्या हेही त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत मी त्यांची सून होते.

त्यानंतर मी रोज भाकरी घेऊन त्यांच्यासोबत निघायला लागले. रोज बोरीपाशी तेच, काटा निघाला का? खोटं कशाला बोलू, कधी कधी मी वैतागायची. बारा वर्षांपूर्वीचा काटा, अन् रोज त्याची चौकशी! मागं कामाचा डोंगर पडलेला. एकदा तर मी म्हटलं, "निघाला वो मामा, कव्हाच निघाला, चला आता." ते मुकाट चालायला लागले.

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी धुरा मीच मोडायला लावला, आता काय बोलावं!

झालं असं की तेव्हा सगळीकडं सोयाबीन आलं, ट्रॅक्टर आले. ट्रॅक्टरला वळायला जागा लागते, धुऱ्याची झाडं आडवी यायची, सावलीत पीक उठायचं नाही. त्यात माझी चुलतजाऊ अन् मी. धुऱ्याच्या त्या अंगाला ती, ह्या अंगाला मी. बोरं कुणी वेचायची, सरपण कुणी तोडायचं, यावर दर साली जुंपायची. तिच्या शेळ्या माझ्या तुरीत अन् माझं तोंड तिच्या सात पिढ्यांत. त्या वर्षी तिनं बोरीची एक फांदी तोडून नेली अन् माझं डोकं फिरलं. घरी येऊन ह्यांना म्हटलं, "एकदाची ही कटकट मिटवा. राहूच नका देऊ काही. दगड रोवा हद्दीला, अन् तिकडं ती, इकडं आपण."

हे वडिलांना बापू म्हणत. म्हणाले, "बापू रोज जाऊन राहिलेत त्या वाटेनं." मी म्हटलं, "वाट कुठं चाललीय? रान तर तिथंच राहतंय. सपाट झाल्यावर उलट चालायला सोपं."

चुलतदीर आमच्या अंगणात आले, जाऊ आली. मी चहा केला. भांडायची तयारी ठेवून आलेली माणसं एका कपात राजी झाली. दोन्हीकडं पेरणीच्या दोन-दोन काकऱ्या वाढणार होत्या. गावातले दोघं-तिघं बोलावलेले होते, ते म्हणाले, "याला म्हंतात भाऊबंद." मामा खाटेवर बसून बशीतून चहा पीत होते. ह्यांनी रीत म्हणून विचारलं, "बापू, धुरा काढावा म्हंतो." मामा म्हणाले, "काढा की."

मी लगेच म्हटलं, "बघा, मामांनीच व्हय म्हणलं." त्याच सकाळी त्यांनी मला दोनदा विचारलं होतं की तुझी सासू नदीवरून आली का. त्या दिवसांत ते सगळ्याला 'व्हय'च म्हणत. मला हे माहीत होतं. तरी मी तो 'व्हय' पदरात बांधून घेतला.

पिवळं मशीन आलं अन् दीड दिवसात काम उरकलं. इतक्या वर्षांची बोर एका झटक्यात उपटली. मुळं वर, फांद्या खाली. जाऊबाईनं अन् मी सरपण निम्मंनिम्मं वाटून घेतलं, एका शब्दानं तंडलो नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहिताना आज लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीसारखे निघाले. मला घरी कामं होती. म्हटलं, मागून जाते. भाकरी घेऊन विहिरीवर पोचले तर तिथं कुणीच नाही. हाका मारल्या. शेवटी चुलतदिराच्या रानात, ढेकळांच्या मधोमध सापडले. उन्हात उभे, एक हात छातीच्या उंचीवर पुढं केलेला, काहीतरी चाचपत.

मला बघून विचारलं, "हे कुणाचं रान हाय?"

"आपलंच हाय मामा, जरा तिकडं सरकलात."

"न्हाई. आपल्या रानात बोर हाय."

मी त्यांच्यापुढं पाऊल केलं अन् म्हटलं, "मामा, काटा निघाला बघा माझा." त्यांनी पायाकडं पाहिलं, मग माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"कोणचा काटा, बाई?"

त्यानंतर ते अजून चारदा हरवले. एकदा तर रस्त्यावरून जाणाऱ्या जीपवाल्यानं आणून सोडलं. मग आम्ही काठी लपवून ठेवली. काठी नाही म्हणून ते दारात बसून राहायचे.

त्या हिवाळ्यात आणखी एक कळलं. सकाळी तितर ओरडायचं बंद झालं. धुऱ्यावरचं गेलं ते समजू शकते, पण माळावरचंही गेलं. माळाला कुणी हात लावला नव्हता, ओढा जिथल्या तिथं होता. मधली वाट तेवढी आम्ही काढली होती. पाण्याला उघड्या रानातून येणारे ससे कुत्र्यांनी धरले. उंदरांनी हरभऱ्यात बिळं केली, अन् त्यांना खाणारं कुणी राहिलं नव्हतं. दोन काकऱ्या वाढल्या होत्या, त्या अशा गेल्या. जाऊबाईचं अन् माझं भांडण मिटलं ते खरं, पण बोलणंही मिटलं. आधी निदान शिव्या घालायला तरी रोज भेटायचो. शिव्यांच्या शेवटी तीच विचारायची, लेकराचा ताप उतरला का? आता मधे नुसते दगड. दगडाजवळ कोण थांबतं?

दिवाळीनंतर मामांना नांदेडला नेलं. डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. तरणा डॉक्टर, पण नीट बसून समजावून सांगितलं. म्हणाले, आठवणी एका जागी साठवलेल्या नसतात. मेंदूत हजारो वाटा एकमेकींना जोडलेल्या असतात, अन् म्हाताऱ्यांच्या ह्या आजारात त्या वाटा बुजत जातात. काही वाटा बाहेरच्या खुणांवर तग धरतात. "म्हणून घरात काही हलवू नका. खाट, भांडी, रोजचा रस्ता, जे जिथं आहे ते तिथंच राहू द्या. एवढं सांभाळलं तरी बरेच दिवस निभतं."

हे माझ्याकडं बघेनात अन् मी ह्यांच्याकडं. येताना एसटीत मला वाटत होतं, ह्यांनी मला फाडफाड बोलावं. त्यांनी फक्त मामांच्या गळ्यातला मफलर नीट केला, अन् ते जास्त लागलं.

मग बैल गेला अन् झोपा केला. मी माळावरून बोरीचं रोप आणलं, जुन्या जागी लावलं, काटेरी फांद्यांचं कुंपण केलं. शेळ्यांनी खाल्लं. दुसरं लावलं, ते उन्हानं गेलं. तिसऱ्या वेळी जाऊबाई आपल्या अंगाला येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता भांडते. तिनं काखेतली घागर उतरवली, रोपाला पाणी घातलं अन् निघून गेली. ते रोप जगलं. पण बोर बोटभर असताना त्यावर हात ठेवून कुणाला काय आठवणार?

मामा त्यानंतर दोन पावसाळे काढून गेले. शेवटच्या थंडीत मी त्यांना रोज अंगणात उन्हाला बसवायची. एक दिवस सकाळी मी त्यांना भाकरी दुधात कुस्करून भरवत होते. ते फार अदबीनं खात होते, परक्या घरी खावं तसं. खाऊन झाल्यावर मी त्यांचं तोंड पुसलं. त्यांनी हात जोडले.

"तुमी कुण्या गावच्या बाई? लई केलं माझं."

मी म्हटलं, "हितलीच हाय, मामा."

"मंग एक काम करा. माझी सून भाकर घेऊन येऊन राहिली असंल. नवी हाय, वाट ठावं न्हाई तिला. तिला म्हनावं, धुरा सोडू नको. धुऱ्या-धुऱ्यानं आली तर चुकायची न्हाई."

मी म्हटलं, "सांगते."