आगकिड्याचे काटे

समुद्री जिवांच्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, बरण्यांच्या गर्दीत, तिचं अर्धं आयुष्य गेलं. गल्लीत तिला किडेबाई म्हणत. पाठीमागेच, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तिचा जीव एका किड्यात अडकला होता. बोटभर लांब, अंगाला वलयं, दोन्ही अंगांना पांढऱ्या काट्यांचे झुबके. हात लागला की काटे कातडीत मोडतात आणि नुसता जाळ उठतो. काट्यांत विष असतं की नाही, यावर शहाण्यांची भांडणं अजून मिटलेली नाहीत. हिचं भांडण वेगळं होतं. बंदरातला आगकिडा खुल्या समुद्रातल्या किड्याच्याच जातीचा, की निराळा? डोक्यावरचा मांसल तुरा दोघांचाही सारखा. निकाल लागायचा तो काट्यांच्या टोकांवर. आणि काटे असतात चुन्याचे. जुन्या बरण्यांतलं औषधी पाणी हळूहळू आंबट झालं आणि काटे खाऊन बसलं. फळीवर उरले बोडके किडे.

म्हणून तिला ताजा, काट्यांसकट किडा हवा होता.

तो आणला दिरानं. जहाजांचे तळ घासणारा पाणबुड्या तो. रविवारी दुपारी सुजलेला तळहात पुढे करून दारात उभा राहिला.

"वहिनी, हा घ्या तुमचा लाडका. चावला नाही हो, प्रेमानं मिठी मारली!"

तिनं चिकटपट्टी लावून त्याच्या हातातले काटे उपटले. संग्रहालय बंद होतं. किडा स्पिरिटच्या बरणीत घालून स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवला आणि त्या दिवशी ती गाणं गुणगुणत भांडी घासत होती.

सकाळी बरणी उचलली, तर किडा बोडका.

"मी व्हिनेगर घातलं त्यात," जाऊ म्हणाली. "घरात लहान पोरं आहेत, ताई. यांचा हात व्हिनेगरमध्ये बुडवला तर आग थांबली. मग म्हटलं, किड्याचंही विष उतरू दे. काय बुडबुडे आले! म्हटलं, उतरतंय."

"विष नाही गं बाई, काटे उतरले!"

तिला एकदम चिकटपट्टी आठवली. केराच्या टोपलीतून ती काढून तिनं भिंगाखाली धरली. काट्यांचे बुंधे होते. टोक मात्र एकालाही नव्हतं. टोकं कातडीतच मोडून राहिली होती.

"भावोजी, हात दाखवा."

त्यानं हात पाठीमागे लपवला. "सुई घेऊन येऊ नका हं! तसंही आत काही उरलं नसेल. हिनं झोपेपर्यंत हात व्हिनेगरच्या बादलीतच बुडवून ठेवला होता."

"आग गेली की नाही?" जाऊ अभिमानानं म्हणाली.

तिनं भिंग खाली ठेवलं. बरणी पिशवीत घालून ती कामावर गेली, आणि फळीवरच्या बोडक्यांना थोडं सरकवून तिनं या बोडक्याला जागा करून दिली.