दत्तोबांचं वय आणि गौराक्काचं इंजेक्शन

“वर. खाली. उजवीकडं. परत खाली.” दत्तोबा धडाधड सांगत होते आणि धडाधड चुकत होते.

निरक्षर माणसाचे डोळे तपासायचा एक तक्ता असतो. त्यावर तीन दातांच्या फणीसारखी चिन्हं असतात, वरची मोठी आणि खाली खाली बारीक होत गेलेली. फणीचे दात कुठल्या बाजूला आहेत एवढंच सांगायचं. त्या दिवशी आमच्या बापू कंपाउंडरनं तक्ता पुसला आणि उलटा टांगला. माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. तक्ता सुलटा असता तर दत्तोबांचं एकूण एक उत्तर बरोबर ठरलं असतं. म्हणजे गडी पाठ करून आला होता. आणि सगळ्यात मोठं चिन्ह वर नसून तळाला आहे, हे त्यांना दिसलंच नव्हतं.

“दत्तोबा, कुणी शिकवलं हे?”

“शिकवायचं काय त्यात? दिसतंय की सगळं.”

मला हसू आवरेना. पण बॅटरी घेऊन डोळ्यांत पाहिलं आणि हसू गेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चांगला पिकला होता.

मी कोल्हापुरात एका सूतगिरणीचा डॉक्टर होतो. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि गिरणीत नवा नियम आला होता: साठ पूर्ण झाली की रिटायर. नियम ठीक, पण साठ कुणाची कधी झाली हे कळायचं कसं? जन्माचा दाखला एकाकडंही नव्हता. माणूस कामाला लागला त्या दिवशी जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, तोंडाकडं बघून वय लिहिलेलं. शेवटी मॅनेजरसाहेबांनी ठरवलं की वय डॉक्टर सांगतील. जणू मला कॉलेजात तेच शिकवलं होतं.

पुढचे पंधरा दिवस दवाखान्यात नुसती जत्रा होती. कालपर्यंत पांढऱ्या मिशीचे लोक मिशा काळ्याभोर रंगवून आले. एकानं दारातच बैठका मारायला सुरुवात केली. एक जण तोंड उघडून म्हणाला, “बैलाचं बघत्यात तसं दात बघा आनि सांगा.” उलट पेठ वडगावचा एक काळ्या केसांचा धडधाकट गडी माझ्या मागंच लागला. “डाक्तर, मला साठ लिवा की. गावाकडं म्हशी हाईत, शेत हाय. फंड घेतो आनि जातो.” फंड म्हणजे दरमहा पगारातून कापून ठेवलेली रक्कम. नोकरी सोडली की ती हातात येई.

म्हातारे तरुण व्हायला धडपडतात आणि तरुणाला म्हातारं व्हायचंय, हे काय गौडबंगाल आहे कळेना. मी चिडलोच होतो. शेवटी एका दुपारी दवाखान्याची कार्डं काढून बसलो आणि कोडं सुटलं. आमच्या दवाखान्यात कामगाराला आणि त्याच्या घरच्यांना औषध फुकट होतं, पण कामगाराचं नाव हजेरीच्या मस्टरवर असेपर्यंतच. नाव कटलं की कार्ड कटलं. ज्यांना तरुण राहायचं होतं, त्यांच्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आजारी होतं. कुणाच्या पोराला दमा, कुणाच्या बायकोला क्षय. ज्यांच्या घरी सगळे ठणठणीत, ते फंड घेऊन निघायला मोकळे होते. मी आपला समजत होतो की मी फक्त औषधं देतो.

दत्तोबा तेलवाले होते. गिरणीच्या छताखाली एक लांबलचक लोखंडी दांडा फिरतो आणि त्यावरच्या पट्ट्यांनी खालची यंत्रं चालतात. शिडीवर चढून त्या दांड्याला तेल द्यायचं, हे त्यांचं काम. मोतीबिंदू घेऊन ते रोज चालत्या पट्ट्यांच्या शेजारी उभे राहत होते. आणि घरी गौराक्काला, त्यांच्या बायकोला, जबर मधुमेह होता. रोज सकाळी ती दवाखान्यात येई आणि बापू तिला इन्शुलिनचं इंजेक्शन देई. बाजारातून ते रोज विकत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. इंजेक्शन थांबलं की गौराक्का फार दिवस काढणार नाही, हे मला माहीत होतं आणि दत्तोबांनाही.

“बावन्न लिवा डाक्तर,” दत्तोबा म्हणाले. “शिडीवरनं पडून मराय मी भीत न्हाई. पर तिची सुई थांबली तर...”

“तुम्ही एकटे मरणार नाही दत्तोबा. शिडीखाली माणसं काम करतात.”

त्यांनी मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं, पण खोटं लिहिणं शक्य नव्हतं.

मी मॅनेजरसाहेबांकडं गेलो.

“रिटायर झालेल्यांनाही औषध चालू ठेवू या, सर.”

“बोर्ड मानणार नाही डॉक्टर. आज एकाला दिलं की उद्या रांग लागेल.”

“मग दत्तोबांना खाली दुसरं काम द्या.”

“दिसत नाही त्या माणसाला? कुठलं काम देऊ?” साहेब वैतागले. “तुम्ही मला दुसरं माणूस शोधून द्या. पाळणाघराची दुसरी आया पळाली. सोमवारी इन्स्पेक्टर येतोय.”

रिळाच्या खात्यात बायका काम करत. त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर हवं, असा नवा कायदा होता. गिरणीनं खोली दिली, पाळणे दिले, पण त्या आरडाओरड्यात कुणी आया टिकेना.

मला सगळं उशिरा सुचतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बापू सुई उकळत होता आणि गौराक्का बाकावर बसली होती. पाळणाघर दवाखान्याला लागूनच. तिथलं एक रडकं पोर तिनं नेहमीसारखं उचलून आणलं होतं आणि ते तिच्या मांडीवर गाढ झोपलं होतं.

“आक्का, गिरणीत नोकरी करशील?”

“मला साखरेचा रोग हाय. तुमीच सांगितलासा.”

“म्हणूनच विचारतोय.”

मी सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

“म्हंजे मी मस्टरवर आनि ह्यो घरात?”

“होय.”

“मग भाकरी कोन थापनार?”

“ते तुम्ही दोघं ठरवा.”

“ठरवायचं काय त्यात? ह्येनं थापायची.”

दत्तोबा दारात उभे होते. ते उसळले, “बायकूच्या कमाईवर बसू व्हय मी?”

“मी तीस वर्सं तुमच्या कमाईवर बसलो, मला कुठं लाज वाटली?” गौराक्कानं विचारलं.

दत्तोबांच्या कागदावर मी ‘साठ पूर्ण’ लिहिलं. गौराक्काच्या फिटनेस सर्टिफिकेटवर, म्हणजे कामाला योग्य असल्याच्या दाखल्यावर, वय चाळीस टाकलं. ते जरा हात सैल सोडूनच टाकलं. खाली लिहिलं, ‘इन्शुलिन रोज मिळत राहिल्यास कामास योग्य.’

मॅनेजरसाहेबांनी ते दोनदा वाचलं. “म्हणजे औषध आम्ही द्यायचं?”

“आता ती कामगार आहे सर. नियमच आहे.”

“सोमवारी हजर होईल?”

“आजच बसलीय.”

त्यांनी सही केली. इंजेक्शन एक दिवसही चुकलं नाही. चक्कर आली तर खायला म्हणून गौराक्का कनवटीला गुळाचा खडा ठेवायची, पण तो बहुतेक पोरांच्याच पोटात जायचा. इन्स्पेक्टर आला तेव्हा पाळणाघर शांत होतं. हे गिरणीत पहिल्यांदाच घडत होतं.

दोन महिन्यांनी दत्तोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चिठ्ठी मागायला आले. बापूनं नियम काढला. ‘कामगाराची बायको व मुले.’ कामगाराला नवराही असू शकतो, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. परत साहेबांकडं फेऱ्या, परत बोर्ड. शेवटी नियमात ‘नवरा’ हा शब्द चढला आणि गिरणीच्या खर्चानं ऑपरेशन झालेला पहिला नवरा म्हणून दत्तोबांनी बरेच दिवस मिरवून घेतलं. त्यांच्या भाकरी मात्र शेवटपर्यंत वातड व्हायच्या, अशी गौराक्काची तक्रार होती.

मी पुढं बरीच वर्षं त्या गिरणीत वयं ठरवली. पण नंतर दात आणि मिशा बघण्यात वेळ घालवला नाही. माणूस समोर बसला की आधी विचारायचो, “घरात आजारी कोण आहे?” निम्मं वय तिथंच कळायचं.